एकवीस दिवस लावल्याचा दाखला

हेडक्लार्क एकानेमने दाखला आणून समोर धरला तेव्हा अकुन्ने खळ घोटत होता. कसाव्याचं पीठ, पाणी आणि तीन दगडांवर ठेवलेला डबा. जिल्हा कचेरीच्या मागच्या पडवीत सव्वीस वर्षं त्याचं हेच चाललं होतं. नोटीस आली की खळ करायची, तीन ठिकाणी चिकटवून यायचं, एकवीस दिवस जाऊ द्यायचे आणि मग ‘सदर नोटीस एकवीस दिवस लोकांच्या नजरेसमोर होती’ या छापील ओळीखाली सही करायची. सही मात्र त्याची देखणी होती. खाली दोन फराटे, वर एक वेलांटी. ती बघून माणसाला वाटावं, याने चांगली शाळा पाहिली आहे.

“परवा एकवीस भरतात,” एकानेम म्हणाला. “पण साहेब परवा पहाटेच दौऱ्यावर निघतात. आजच करून ठेव.”

“कसली म्हणायची ही?”

“चिकटवलीस तू आणि विचारतोस मला? रस्तेखात्याच्या यार्डाची. बाजारातल्या मोठ्या उडाला झाडामागचा उतार, पार खाली ओहोळापर्यंत. हक्क सांगायला कुणी आलं नाही. म्हणजे बेवारशी. संपला विषय.”

अकुन्नेचा हात डब्यातच राहिला. तो उतार त्याच्या भाऊबंदांचा होता, आणि त्याची वरची बाजू चौदा वर्षं त्याची थोरली बहीण उग्बोआकू कसत होती. नवरा गेल्यावर ती माहेरी परत आली, तेव्हा बापाने तिला बोटाने दाखवून दिलेला तुकडा. त्यावर तिचा अळू, तिचा कसावा, आणि त्याच कसाव्याच्या पिठाची ही खळ.

“हात चिकट आहेत, साहेब,” तो म्हणाला. “धुऊन करतो.”

त्याने हात धुतले नाहीत. दाखल्याची घडी करून टोपीत घातली आणि मागच्या दाराने निघाला.

आधी तो कचेरीच्या फळ्यापाशी गेला. नोटीस तिथे होती, पण तिच्यावर कुत्र्यांच्या परवान्याची, तिच्यावर देवीच्या टोचणीची आणि सगळ्यांवर कुणाची तरी सायकल हरवल्याची नोटीस होती. खालच्या कागदाचा एक कोपरा तेवढा वाऱ्याने हलत होता. मग तो बाजारात गेला. उडाला झाडाच्या बुंध्यावर ओली, चाटून गुळगुळीत झालेली चौकट होती. शेळ्यांना त्याची खळ आवडते हे साऱ्या उमुओकोरो गावाला ठाऊक होतं. एका वर्षी त्याने खळीत मिरची घालून पाहिली, तर शेजारच्या गावच्या शेळ्याही येऊ लागल्या. तेव्हापासून त्याने नाद सोडला होता. कुणाची तक्रार नव्हती. गावाच्या लेखी झाडावरचा कागद हा सरकारचा आणि झाडाचा आपसातला मामला होता. माणसांना काही सांगायचं असेल तर दवंडीवाला तिन्हीसांजेला लोखंडी घंटा बडवत गल्लीगल्लीतून फिरे आणि सांगे. कागदाला कुठे तोंड असतं?

तिसरी नोटीस त्याने उताराच्या वाटेवरच्या निरफणसाला लावली होती. त्या बाजूचे सगळेच कागद तो त्याच झाडाला लावी, म्हणून त्या दिवशी त्याला शंकाही आली नव्हती. अक्षरं त्याला एकेक करून लागायची, एवढा मोठा कागद वाचायचा म्हणजे अर्धा दिवस गेला असता. आता झाडावर कागदाची चिंधीसुद्धा नव्हती. फक्त चार कोपऱ्यांचे चार पांढरे ठिपके.

उग्बोआकू खाली अळूतलं तण काढत होती. त्याला पाहून तिने कंबर सरळ केली.

“सरकार इकडे कुठे वाट चुकलं?”

“अक्का, या झाडाला कागद होता.”

“होता ना, चार दिवस. चांगला जाड कागद होता. अजून असला तर आण. त्या एकाच्या शेंगदाण्याच्या आठ पुड्या झाल्या.”

अकुन्ने तिथेच दगडावर बसला, लगेच उठला, पुन्हा बसला.

“तू काढलास?”

“मग कोण काढणार? माझ्या वाटेवर, माझ्या झाडाला, माझ्या भावाने लावलेला. म्हटलं, एवढ्या वर्षांनी याला बहिणीची आठवण झाली.”

“तुला द्यायचा असता तर हातात नसता का दिला? झाडाला कशाला लावला असता?”

“काय सांगावं बाबा. तू सरकारी माणूस. वाटलं, उघडपणे देता येत नसेल.”

त्याने तिला सांगितलं. सांगताना तो निरफणसाभोवती फिरत राहिला, एका बाजूने गेला की दुसऱ्या बाजूने निघायचा, आणि ती मान वळवून वळवून त्याला ऐकत होती. आई गेल्यावर याच बाईने त्याला पाठीला बांधून बाजार केले होते. तिच्याशी खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, आणि खरं सांगायचीही फारशी गरज पडलेली नव्हती.

“म्हणजे तू ती वाचली नाहीस,” ती म्हणाली.

“वाचणं माझं काम नाही, अक्का. माझं काम चिकटवायचं.”

“मग वाचायचं कुणी?”

“तुम्ही.”

“आम्ही वाचायचं हे आम्हाला कुणी सांगितलं?”

“नोटिशीतच लिहिलेलं असतं,” अकुन्ने म्हणाला, आणि आपण काय बोललो ते त्याच्याच कानावर पडलं.

उग्बोआकू हसली नाही. तिने विळा अळूच्या वाफ्यात रोवून ठेवला. “एक जागी उभा राहा आधी. माझे डोळे फिरले. परवापर्यंत काय करता येतं ते सांग.”

करता येण्यासारखं फार नव्हतं. हक्काचा अर्ज लिहून द्यायचा, आणि त्यावर भाऊबंदांतल्या सातही घरांचे अंगठे. सात घरं एकत्र बसत ती फक्त आफोच्या दिवशी. चार दिवसांच्या आठवड्यातला आफो नेमका आजच सकाळी होऊन गेला होता, पुढचा यायला चार दिवस होते, आणि नोटिशीचे दोन. दोघं भाऊबंदांतल्या सगळ्यांत थोरल्या इलोन्झेबाबांकडे गेली. म्हातारा तपकीर चिमटीत धरून सगळं ऐकत राहिला.

“बैठक काही मला आफोच्या अलीकडे ओढता येत नाही,” तो म्हणाला. “दोन घरं मयतीला बाहेरगावी गेलीत. त्यांना सोडून बसलो तर उद्या तीच म्हणतील, जमीन विकलीत.”

“मग बाबा, सरकार घेऊन जाईल तोवर आम्ही तपकीर ओढायची का?” उग्बोआकू म्हणाली.

“तू लहानपणापासून अशीच.” त्याने तपकीर ओढली, डोळे पुसले आणि काठी शोधू लागला. “मला ताडाच्या झाडापाशी घेऊन चल. कोवळं पान आडवं बांधायला बैठक लागत नाही. तेवढं माझ्या हातात आहे.”

आणि सूर्य मावळायच्या आत त्याने वाटेच्या तोंडाशी दोन काठ्या रोवून, मध्ये ताडाचं फिकट पिवळं कोवळं पान बांधलं. ते बांधलं की त्या जमिनीचा वाद मिटेपर्यंत कुणी तिच्यात पाऊल टाकत नाही. धनी नाही, चोर नाही, तण काढणारी बाईसुद्धा नाही. उग्बोआकूचा विळा आत राहिला होता. तोही तिने आणला नाही.

अकुन्ने घरी गेला, जेवायला बसला, उठला. टोपीतला दाखला काढून उजेडात धरला, परत ठेवला. निवृत्तीला अकरा महिने राहिले होते. बायको म्हणाली, मुंग्या चावतात का तुम्हाला? तो म्हणाला, हो.

दुसरा दिवस न्क्वोचा, म्हणजे गावच्या बाजाराचा. सकाळीच एकानेमने त्याला पडवीत गाठलं. “दाखला?” एवढं तो म्हणतोय तोच उतारावरून रस्तेखात्याचा मुकादम धापा टाकत आला. यार्डाच्या हद्दीच्या खुंट्या मारायला नेलेले सातही मजूर वाटेवर बसून राहिले होते. आत जात नाहीत, परतही जात नाहीत.

जिल्ह्याचा गोरा अधिकारी हॅलेटसाहेब स्वतः निघाला. तरुण होता, उन्हाने नाक सोललेलं, या जिल्ह्यात येऊन त्याला पाच महिने झाले होते. मागोमाग एकानेम, त्याच्या मागे अकुन्ने. वाटेवर मजूर होते, बाजाराला निघालेल्या बाया टोपल्या उतरवून उभ्या होत्या, आणि सगळ्यांच्या पुढे कमरेवर हात ठेवून उग्बोआकू.

“यांना काय झालं?” साहेबाने विचारलं.

“ते पान, साहेब,” मुकादम म्हणाला.

साहेबाने पान पाहिलं. दोन बोटांनी तोडता आलं असतं एवढंसं होतं. त्याने हात पुढे केला, मजुरांकडे पाहिलं, आणि हात मागे घेतला. याबद्दल अकुन्नेला तो पुढेही बरा वाटत राहिला.

“काय आहे हे?”

“अंधश्रद्धा आहे साहेब,” एकानेम म्हणाला. “जुनी रीत.”

“नोटीस आहे साहेब,” अकुन्ने म्हणाला.

साहेब त्याच्याकडे वळला.

“कसली नोटीस?”

“या जमिनीला धनी आहे, आणि वाद मिटेपर्यंत कुणी आत येऊ नये, अशी.”

“कधी लावली?”

“काल संध्याकाळी.”

“आणि ही कुणी कुणी वाचली?”

अकुन्नेने मजुरांकडे पाहिलं. ते दूरच्या गावांहून आलेले होते, त्यातले दोघे तर नदीपलीकडचे. “सगळ्यांनी,” तो म्हणाला.

साहेबाने टोपी काढून कपाळ पुसलं. “आमची नोटीस वीस दिवस लागलेली आहे. हक्क सांगायला एकही माणूस आला नाही, आणि आज हे. आमची कुणीच कशी वाचली नाही?”

एकानेमने अकुन्नेकडे असं पाहिलं की टोपीतल्या घडीला चटका बसावा. मग जवळ येऊन, साहेबाला कळू नये म्हणून गावच्या भाषेत, हळू म्हणाला, “अकुन्ने, सव्वीस वर्षांचे दाखले माझ्या कपाटात आहेत. एक उसवलास तर सगळे उसवतील. तुझी सही आहे त्यांवर, माझी नाही. गप्प राहा.”

तो धमकी देत नव्हता. खरंच सांगत होता, आणि ते अकुन्नेला कळत होतं. त्याने टोपी काढली, दाखला उलगडला. कोरी जागा घामाने ओली झाली होती.

“ती लागलेली नव्हती, साहेब,” तो म्हणाला. “बाजारातली पहिल्याच रात्री शेळ्यांनी खाल्ली. फळ्यावरची सायकलीखाली आहे. आणि इथली चार दिवस होती.”

“इथली कुणी काढली?”

“मी काढली,” उग्बोआकू मोठ्याने म्हणाली. साहेबाची भाषा तिला येत नव्हती, पण त्याने झाडाकडे केलेलं बोट तिला समजलं होतं. “त्याला सांगा, पुड्या केल्या. पाहिजे तर एक आणून दाखवते, अजून दोन शिल्लक आहेत.”

बाया हसल्या. सरकारी नोटीस काढणं हा गुन्हा आहे हे साहेब सोडला तर तिथे दोघांनाच ठाऊक होतं.

“ती काय म्हणते?” साहेबाने एकानेमला विचारलं.

एकानेमने चष्मा काढला, पुसला, घातला. “ती म्हणते, तिला वाचता येत नाही, साहेब,” तो म्हणाला.

मग साहेबाने अकुन्नेला विचारलं, “आणि आधीचे दाखले?”

“तेही असेच, साहेब.”

“सगळे?”

“कुत्र्यांच्या परवान्याची एकदा पूर्ण टिकली होती. त्या वर्षी शेळ्यांना रोग आला होता.”

साहेबाच्या तोंडाचा एक कोपरा हलला, पण त्याने तो आवरला. मजुरांना त्याने परत पाठवलं. कचेरीच्या दारात पोचल्यावर तो म्हणाला, नोटीस रद्द, नवी काढा, आजपासून एकवीस दिवस. आणि अकुन्नेचं काय करायचं ते वर लिहून विचारावं लागेल, उत्तर येईपर्यंत त्याने कशावरही सही करायची नाही.

“निवृत्तीचं, साहेब?” अकुन्नेने विचारलं.

“तेही वर विचारावं लागेल,” साहेब म्हणाला, आणि हे सांगताना त्याने अकुन्नेकडे पाहिलं नाही.

नवी नोटीस दुपारी टंकून झाली. एकानेमने ती त्याच्यापुढे सरकवली. “लावायची तूच. खळ दुसऱ्या कुणाला जमत नाही.” मग जरा थांबून म्हणाला, “तुझ्या बहिणीला म्हणावं, तोंड आवरायला शिक. मला दर वेळी चष्मा पुसता येणार नाही.”

बाजार ऐन भरात होता. अकुन्नेने उडालाच्या बुंध्यावर कागद लावला, तळहाताने चारी कोपरे दाबले, आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच तिथून निघाला नाही. डबा खाली ठेवला. पाय आपोआप कचेरीकडे वळत होते, त्याने ते रोखले. मग कागदावर बोट ठेवून तो एकेक अक्षर लावू लागला, आणि लागलेला शब्द आपल्या भाषेत करून बोलू लागला.

पहिल्यांदा लोकांना वाटलं, त्याला ऊन लागलं.

“काय पुटपुटतोस?” मिठाच्या ढिगामागून उग्बोआकूचा आवाज आला. “झाडाला सांगतोस का? आमच्याकडे तोंड कर.”

त्याने तोंड वळवलं, पण मग कागद दिसेना. शेवटी आडवा उभा राहिला, एक डोळा नोटिशीवर आणि एक माणसांवर. रताळी विकणारी उठून जवळ आली. मग तपकीरवाला. मग इलोन्झेबाबांना कुणी तरी हाताला धरून आणलं आणि एका उलट्या टोपलीवर बसवलं. ‘ज्या कुणाचा हक्क असेल त्याने’ इथवर यायला अकुन्नेला बराच वेळ लागला. घाम गळत होता. मध्येच एक शब्द लागेना, तर तो खोटा सांगून पुढे जाण्याचा मोह त्याला झाला, पण त्याने त्या शब्दाशी झगडून तो सोडवला.

“एकवीस दिवस म्हणजे आफो किती होतात?” इलोन्झेबाबांनी विचारलं.

अकुन्नेने बोटं मोजली. चुकला. पुन्हा मोजली. “पाच, बाबा.”

“पाच.” म्हाताऱ्याने काठी जमिनीवर टेकली. “मग पहिल्याच आफोला सात घरांचे अंगठे घेऊ. मिळेल की नाही ते सरकार जाणे, पण या वेळी आम्ही सांगितलं नाही असं तर कुणी म्हणणार नाही.”

“आणि तुझं काय?” उग्बोआकूने हळूच विचारलं. गर्दीतून वाट काढत ती त्याच्या कोपराशी येऊन उभी राहिली होती.

“वर विचारणार आहेत.”

“वर कुठे?”

“ते मलाही कधी कळलं नाही, अक्का.”

पदराच्या टोकाने तिने त्याच्या मनगटावरची वाळलेली खळ खरवडून काढायला घेतली, लहानपणी शेंबूड पुसायची तशी, जरा जोरातच.

“ए सरकार,” मागच्या रांगेतून कुणी तरी ओरडलं, “आम्हाला निम्मं ऐकूच आलं नाही.”

अकुन्नेने हात सोडवून घेतला, कागदाकडे वळला, आणि वरच्या पहिल्या अक्षरावर पुन्हा बोट ठेवलं.