सीमारेषेपर्यंतची धाव

हेडवेटरला एक खोड होती. कुणाचं काही खाली पडलं, की समोरचा वाकायच्या आत ते उचलून त्याच्या हाती द्यायचं. चमचा असो नाहीतर चष्मा. हॉटेलात या खोडीचं कौतुक व्हायचं, मैदानावर मात्र तिनंच त्याचा घात केला.

सामना होता हॉटेलवाले विरुद्ध प्लंबर. ठरलेले अंपायर ऐनवेळी आजारी पडले आणि अंपायरची परीक्षा पास झालेलं दुसरं माणूस म्हणजे खुद्द हेडवेटरची बायको. धंदा शिवणकामाचा, आणि अंपायर म्हणून हा पहिलाच सामना. प्लंबरांचा कॅप्टन भला माणूस, लगेच हो म्हणाला. त्याची पोरं मात्र कुजबुजलीच, "घरचीच अंपायर. मग काय, चंगळ आहे." नवराबायको दोघांनीही ते ऐकलं. आज तिच्या निर्णयाला बोल लागला असता, तर पुन्हा तिला कोणी उभं केलं नसतं.

बाई खमकी होती. परीक्षेआधी जेवणाच्या टेबलावर मिठाच्या बाटलीचा स्टंप करून तिनं बाद व्हायचे सगळे प्रकार घोकले होते. त्रिफळाचीत, झेलबाद, पायचीत तर शेंबड्या पोरालाही ठाऊक. तिला गोडी आडवळणाच्या नियमांची. प्रश्न विचारून विचारून हेडवेटरलाही ते पाठ झाले होते. पण पाठ असणं वेगळं आणि हाताची सवय वेगळी.

तो एकोणपन्नासवर पोचला. जन्मात कधी पन्नास केले नव्हते. पुढचा चेंडू त्यानं पायाशीच थोपवला. विकेटकीपर कंबर धरत पुढे आला, तोच हेडवेटरनं चेंडू उचलून अदबीनं त्याच्या हातात ठेवला.

"हाऊज दॅट?" बोलर थट्टेत ओरडला. सगळे हसले. हेडवेटरला मात्र जेवणाच्या टेबलावरचा नियम आठवला. खेळ चालू असताना न विचारता चेंडू परत केला, तर फलंदाज बाद.

तिनं बोट वर केलं. पापणीही लवली नाही.

कॅप्टन ओशाळला. "वहिनी, गंमत केली हो त्यानं. अपील मागे घेतो आम्ही."

"मी परवानगी दिली तर," ती म्हणाली. स्लिपमध्ये कोणीतरी मुद्दाम खाकरलं.

हो म्हणावं, तर नवऱ्याला वाचवलं. नाही म्हणावं, तर समोरच्याचा दिलदारपणा झिडकारला. ती ताठ उभी होती आणि त्या ताठपणाकडे बघून हेडवेटरचा ऊर भरून आला. मग त्याला त्या टेबलावरचा आणखी एक नियम आठवला. फलंदाज मैदानाबाहेर गेला, की अपील मागे घेता येत नाही.

बॅट काखेत मारून तो पळत सुटला.

"अहो, थांबा की," कॅप्टन मागून हाका मारत होता. पॅडचा पट्टा सुटला, टोपी पडली, पण त्यानं ती उचलली नाही. दोरी ओलांडूनच तो थांबला.

"फलंदाज बाहेर गेला," तिचा आवाज आला. "पुढचा पाठवा."

चहाच्या वेळी ती त्याच्याशेजारी येऊन बसली. खेळ चालू असताना ती त्याच्याकडे बघून ओळखीचं हसलीही नव्हती.

"एवढं जोरात पळता येतं, तर इतकी वर्षं एकेरी धावा का सोडत होतात?" तिनं विचारलं.

बोलता बोलता तिच्या बशीतला चमचा खाली पडला. तो वाकला आणि अर्ध्यातच थांबला.

"उचलू का?"

"उचला," ती म्हणाली.