दिवसाउजेडी कंदील

गयासचाचा दारात उभे होते आणि त्यांच्या हातात माझ्या वडिलांचा, आप्पांचा कंदील होता. काच लख्ख पुसलेली, वात नवी. पाचोडहून जीपमध्ये तो त्यांनी मांडीवर धरून आणला असणार.

ज्वारी निवडता निवडता आईनं मान वर केली. "आत्ता आणला व्हय, गयासभाऊ? एका वर्साचा उशीर केला."

चाचा उंबऱ्याबाहेरच थांबले. "भाबी, उद्या वर्षश्राद्ध. घरची वस्तू घरी असावी म्हणलं."

"वस्तू आली. माणूस कवा आणता?"

चाचा पाचोडचे मोटार मेकॅनिक, आप्पांचे चाळीस वर्षांचे दोस्त. मागच्या मे महिन्यात आमच्या पडीक विहिरीतून जुनी मोटार काढायची ठरलं. आप्पा कमरेला दोर बांधून उतरले. वर दोर धरायला चाचा आणि मी. अर्ध्यावर त्यांचा आवाज बंद झाला. दोर पाइपात अडकला होता. त्यांना वर घ्यायला आम्हाला अकरा मिनिटं लागली.

पडीक विहिरीत आधी पेटता कंदील सोडायचा, विझला तर उतरायचं नाही, हे गावात सगळ्यांना ठाऊक. भावकीनं विचारलं, कंदील का नाही सोडला? चाचा खाली बघत म्हणाले, "राहून गेलं." तेव्हापासून भावकीतलं कोणी त्यांच्याकडे मोटार नेत नाही. आई माझ्याकडे शहरात, सिडकोत राहायला आली. त्यांचं नाव निघालं की उठून आत जायची.

राहून गेलं नव्हतं. चाचांनी कंदील पेटवला होता. मी हसले होते. "चाचा, दिवसाउजेडी कंदील? आप्पा, माझी बॅटरी न्या, तळ दिसेल."

आप्पाही हसले. "शिकलेली पोरगी म्हणतीया तर ऱ्हाऊ दे, गयास." चाचांनी फुंकर मारली.

मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. कुजलेल्या पाल्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो, तो हवेपेक्षा जड असतो, तळाशी साचतो, त्यात ज्योत टिकत नाही. हे मी परीक्षेत लिहिलं होतं. कंदील मात्र मला उजेडासाठी वाटला. या दोन गोष्टी एकाच डोक्यात असून एकमेकींना भेटल्या कशा नाहीत, ते मी वर्षभर शोधते आहे. पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत मी काम संपल्यावर बरणीत मेणबत्त्या विझवल्या, सेकंद मोजले, तक्ता केला. त्यातून एवढंच कळलं, की कंदील आप्पांच्या आधी विझला असता.

चाचांनी कंदील उंबऱ्यात ठेवला आणि वळले.

"चाचा, थांबा," मी म्हणाले. "आई, कंदील मी नको म्हटलं होतं. त्यांनी पेटवला होता."

आईचा हात सुपात तसाच राहिला. "तुला ठाऊक नव्हतं?"

"होतं. पुस्तकातलं होतं."

ती चाचांकडे वळली. "तुमी का नाय बोललात?"

"बच्ची हाय, भाबी. उसकू अख्खी जिंदगी काढायचीय. माझं काय, म्हाताऱ्याचं."

"म्हातारं म्हणं! त्यांच्याहून दोन वर्सांनी लहान तुमी." सूप बाजूला सारून ती उठली, तांब्या भरून आणला आणि पदरानं डोळे पुसत त्यांच्यापुढे धरला. "आत या. भाईर का उभे?"

चाचा उभ्यानंच पाणी प्यायले.

आईनं स्वयंपाक केला, चाचांना जेवू घातलं, माझं ताट झाकून ठेवलं. चाचा निघाले तेव्हा म्हणाली, "उद्या पंगतीला बसायचं, गयासभाऊ. पयल्या ओळीत." आणि माझ्याकडे न बघता, "पंगत बसायच्या आधी हिनं समद्यांम्होरं सांगायचं."

"सांगते," मी म्हणाले.

सकाळच्या एसटीत आई खिडकीशी बसली, मी शेजारी. कंदील तिनं माझ्या मांडीवर ठेवला. पाचोड येईपर्यंत खड्डा आला, की तिचा हात कंदिलाच्या काचेवर यायचा.