ईश्वरसाक्ष

कुवेतमध्ये मराठी माणसाला दोन गोष्टी एकट्याने जमत नाहीत, मंडळ चालवणं आणि मरणं. मंडळात भांडायला दुसरा कोणी लागतो, आणि मेल्यावर घरी पोचायला सुरेश बेलसरे लागत. तिथे हिंदूला जाळायची सोय नाही. मयत विमानाने गावी न्यावं लागतं, आणि त्यासाठी पोलीस, इस्पितळ, दूतावास असे सगळे उंबरे झिजवावे लागतात. बेलसरे मूळचे नाशिकचे, राहायला फहाहीलला, नोकरी तेलकंपनीत इंजिनियरची. मंडळाचे मदत-सचिव म्हणून हे काम ते वर्षानुवर्षं करत आले होते. ते रडत नसत, कोणाला धीरही देत नसत. पंपाचा व्हॉल्व बदलावा तसं काम उरकत आणि घरी येऊन जेवत.

"बेलसरेंना काही वाटतच नाही," असं बायका आपसात म्हणत. खरंच वाटत नसे.

नव्वद सालच्या ऑगस्टमध्ये इराकी सैन्य घुसलं, तेव्हा सुरेश आणि त्यांची बायको सुमन तान्ह्या ओंकारला घेऊन बसने जॉर्डनच्या सीमेवरच्या छावणीत पोचले होते. तिथे पाणी थोडं आणि जुलाब फार. सुमन उशाशी बसून अथर्वशीर्ष म्हणत होती, सुरेशही म्हणत होते. ओंकार गेला. वाळूत खड्डा करून त्याला ठेवलं, वर खूण म्हणून एक रिकामा डबा रोवला, आणि लगेच विमानाचा नंबर लागला म्हणून निघावं लागलं. डबा वाऱ्याने केव्हाच उडाला असणार. त्यानंतर सुरेशनी देवाला हात जोडले नाहीत. त्यावर त्यांनी कधी वाद घातला नाही. कोणी विचारलंच तर "मी मानत नाही," एवढंच म्हणत. पुढे इराकी हटले, कुवेत मोकळं झालं, नोकरी परत मिळाली, ओवी जन्मली. सुमनने देव्हारा पुन्हा मांडला. सुरेश त्याच्याकडे पाठ करून पेपर वाचत.

काही वर्षांनी मंडळाची घटना नव्याने लिहायची टूम निघाली. अध्यक्ष होते आलोक वैशंपायन, पुण्याचे, हवल्लीत राहणारे, मनाने सरळ आणि त्या सरळपणाचा थोडा ताठा असलेले. त्यांनी कलम घातलं की प्रत्येक पदाधिकाऱ्याने श्रींसमोर नारळावर हात ठेवून ईश्वरसाक्ष शपथ घ्यावी. जो घेणार नाही त्याला पद नाही.

"मी नुसतं गांभीर्यपूर्वक सांगतो म्हटलं तर?" सुरेशनी सभेत विचारलं. "दिल्लीत मंत्र्यालासुद्धा तशी मोकळीक आहे."

"दिल्लीचं दिल्लीत, बेलसरे. इथे आपण दुसऱ्याच्या घरात राहतो. देव वेगळा असला तर इथल्या लोकांना चालून जातं, पण मुळात देवच नाही म्हणणारा माणूस त्यांना कळत नाही. उद्या कोणी चुगली केली तर मंडळ बंद पडेल. आणि खरं सांगू? मलाही कळत नाही."

मतदान झालं. ज्यांच्या भावाला, मेव्हण्याला सुरेशनी घरी पोचवलं होतं, त्यांचेही हात वर झाले. माना तेवढ्या त्यांनी खाली घातल्या होत्या. माणसं वाईट नव्हती, पण पाणी पडेल तिकडे छत्री धरणारी होती.

"दोन शब्द म्हणायचे होते," घरी सुमन म्हणाली. "तुम्ही मानतच नाही, मग त्यात खोटं ते काय?"

"बाबा, इट्स जस्ट वर्ड्स," ओवीने टीव्हीवरची नजर न काढता सांगितलं.

"मला नाही म्हणता येत," सुरेश म्हणाले, आणि पद सोडून मोकळे झाले.

गणपती आले. कुवेतचा गणपती म्हणजे मुंबईहून टॉवेलात गुंडाळून आणलेली वीतभर मूर्ती. आरती बंद दाराआड, दबक्या आवाजात, आणि विसर्जन बादलीत. सोवळं मात्र तसूभरही कमी नाही. आणि नेमका त्याच दिवसांत भिवसन नावाचा एक फिटर लेबर कॅम्पमध्ये चक्कर येऊन पडला आणि गेला. मनमाडकडचा पोरगा, लग्न ठरलेलं. त्याच्या ठेकेदाराने हात झटकले. मंडळाच्या नव्या सचिवाच्या घरी गणपती, बाकीच्यांच्याही घरी गणपती. देव घरात असताना शवागारात जाणार कोण? अनंत चतुर्दशी झाली की बघू, असं ठरलं. "तिथे थंडच असतं की," कोणीतरी म्हणालं.

मुस्तफा सुरेशकडे आला तो जेवणाच्या सुट्टीत, कंपनीच्या फाटकाशी. हा दाभोळचा, मयताच्या पेट्या त्याच्याच गाडीतून विमानतळावर जात.

"सुरेशभाय, पेटी शुवैखच्या शवागारात तयार हाय. पन मयत मला देत नायत. मंडळाच्या पत्रावर पदाधिकाऱ्याचं नाव लागतं, माझं कसं चालंल? पोराच्या बापाचा रोज फोन येतो. इचारतो, माझा मुलगा कुठल्या खोलीत हाय? काय सांगू त्याला?"

सुरेशनी अर्धी रजा टाकली आणि हवल्ली गाठली. वैशंपायनांनी कद नेसूनच दार उघडलं.

"पत्रावर माझं नाव घाला. मी जातो."

"घालतो. आत्ता घालतो." वैशंपायनांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते खोटं नव्हतं. "मलाही झोप नाही हो त्या पोरापायी. पण शपथ घ्या. पदाधिकारी म्हणून लिहायचं आणि शपथ झालेली नाही, अशी खोटी सही मी समोर गणपती असताना कशी करू?"

दोघांची अडचण एकच होती, खोटं बोलवत नव्हतं. सुरेशना ते दिसलं, म्हणून त्यांना रागही आला नाही. वाळूतला तो डबा डोळ्यांपुढे आला. मग फोनवरचा तो बाप आठवला. त्यांनी बूट काढले.

नारळ ओलसर होता. "मी, सुरेश विनायक बेलसरे, ईश्वरसाक्ष शपथ घेतो की," अशी सुरुवात करून वैशंपायन सांगतील तसं ते शेवटपर्यंत म्हणत गेले. आवाज हलला नाही. आलोकरावांच्या बायकोने, कौमुदीने, हातावर मोदक ठेवला. तो त्यांनी उभ्या उभ्या खाल्ला, पत्राची घडी खिशात घातली आणि निघाले.

पुढचं सगळं नेहमीसारखं झालं. भिवसनचा चेहरा पासपोर्टच्या फोटोशी जुळवून सही केली, मुस्तफाने झाकण ठोकलं, पेटी मुंबईच्या विमानात चढली. काम संपवून सुरेश घरी आले, तेव्हा सुमन देव्हाऱ्यापुढे वाती वळत बसली होती.

"गेला?"

"गेला. बाप मुंबईला येतोय न्यायला."

"तुम्हाला पत्र कसं दिलं त्यांनी?"

"शपथ घेतली."

सुमनचा हात थांबला. "देवाची?"

"हो." सुरेशना वाटलं होतं, ती खूश होईल.

"मी रोज इथे बसते ना, ती भीतीने," सुमन म्हणाली. "ओवी आहे म्हणून. मनातून त्याच्याशी एक शब्द बोलत नाही मी. छावणीतून निघाले तेव्हापासून नाही. वाटायचं, माझी छाती होत नाही, पण या घरात एक माणूस आहे जो त्याला तोंडावर नाही म्हणतो. ओंकारची तेवढीच खूण राहिली होती आपल्याकडे."

"तूच म्हणाली होतीस ना, दोन शब्द म्हणा म्हणून?"

"म्हणाले होते. तुम्ही म्हणणार नाही याची खात्री होती."

"त्या पोराला घरी पोचवायचं होतं," सुरेश म्हणाले.

"हो. बरं केलंत." तिने पुन्हा कापूस हातात घेतला, पण वात काही वळली जाईना.

"तो डबा कसला होता गं?"

"कुठला?"

"त्याच्या जागेवर ठेवलेला."

या डब्याबद्दल ते दोघं आजवर कधी बोलले नव्हते. "दुधाच्या पावडरचा," सुमन म्हणाली. "निळा."

"निळा," सुरेश म्हणाले. ते तिच्याशेजारी जमिनीवर बसले, आणि इतक्या वर्षांनी त्यांना रडू आलं, मोदक खाल्लेल्या त्याच तोंडाने.