वॉरनची पाळी

ते जाडजूड पाकीट बाकी तिघांकडे दोन आठवडे राहायचं. मर्ल ओस्लंडकडे मात्र ते चार आठवडे मुक्काम ठोकून बसायचं, आणि याला कारण होता एक मेलेला माणूस.

कॉलेजात फ्रॅटर्निटीच्या, म्हणजे विद्यार्थी-मंडळाच्या, एकाच घरात राहिलेले, एकमेकांना भाऊ म्हणण्याची शपथ घेतलेले आणि पुढे एकाच तुकडीत लढाईवर गेलेले हे पाच जण. बेल्जियमच्या बर्फातून चौघंच परत आले. शेचाळीस साली त्यांनी हे पाकीट फिरवायला सुरुवात केली. पाकीट आलं की सगळ्यांची पत्रं वाचायची, आपलं जुनं काढून घ्यायचं, नवं घालायचं आणि यादीतल्या पुढच्या भावाला पाठवायचं. दुसऱ्याच्या कागदाला हात लावायचा नाही, हा एकच नियम. एकेचाळीस वर्षांत कुणी तो मोडला नव्हता.

पाचवा वॉरन हॉल्मक्विस्ट. त्याच्या नावाचं एक कोरं पान चौघांतल्या डेलबर्टने पहिल्याच फेरीत आत घातलं, आणि यादीतूनही त्याचं नाव काढायचं नाही असं सगळ्यांनी ठरवलं. मर्लनंतर वॉरन, वॉरननंतर लाईल. आता मेलेल्या माणसाची पाळी घालवायची कुठे? "शेवटी तूच होतास त्याच्याजवळ, तुझ्याकडेच राहू दे," असं तिघं म्हणाले. मर्ल नाही म्हणणार कसा? सबंध तालुक्याला मक्याचं बियाणं विकणारा हा गडी, पण तेव्हा त्याला तोंड उघडता आलं नाही. नातवंडं झालेली चार शहाणीसुरती माणसं दर फेरीला मेलेल्या मित्रासाठी दोन आठवडे राखून ठेवत होती, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

पत्रांत असायचं तेच ते. वॉरनने घरातला पियानो ढकलत गोठलेल्या नदीवर नेला होता आणि बर्फ कडकडायला लागला तरी गाणं पुरं करूनच उठला होता, ही गोष्ट त्यांच्यातल्या रॉजरने निदान तीस वेळा लिहिली असेल. दर खेपेला पियानो थोडा मोठा व्हायचा.

वॉरनच्या शेवटच्या रात्रीचा विषय निघाला की मर्ल एकच वाक्य लिहायचा: 'तो माझ्या मांडीवर शांतपणे गेला.' वॉरनच्या आईलाही त्याने हेच सांगितलं होतं. हे धादांत खोटं होतं. वॉरनचा पाय फुटला होता, पण तो चांगला बोलत होता. "थांब, मदत घेऊन आलोच," असं सांगून मर्ल दोघांच्या आडोशाच्या खड्ड्यातून निघाला. मागच्या शेतघराच्या तळघरात शेगडी पेटलेली होती. तो तिथे बसला, आणि त्याला परत उठणं जमलंच नाही. वॉरनचं काय, असं कुणी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "गेला." तो दगाबाज नव्हता, भ्यायला होता. पण वॉरनला त्याचा काय उपयोग?

गेल्या हिवाळ्यात पाकीट आलं तेव्हा कोऱ्या पानावर पेन्सिलीने एक ओळ लिहिलेली होती. 'नदी ओलांडली.' डावीकडे झुकलेलं ते अक्षर मर्लने ओळखलं. कॉलेजात वर्षभर तो वॉरनच्याच वह्यांवरून परीक्षा पास झाला होता.

त्याने लाईलला फोन केला. लाईल गुरांचा डॉक्टर, जिभेने फटकळ.

"वॉरनच्या पानावर कुणी चावटपणा केलाय का?"

"कुणाची छाती आहे? माझ्याकडून निघालं तेव्हा पान कोरं होतं. चष्मा बदल म्हाताऱ्या."

पाकीट पुढे लाईलकडे गेलं. लाईल म्हणाला, कोरंच आहे. वसंतात ते परत आलं, तर पहिल्या ओळीखाली दुसरी होती. 'जहाजावर आहे.' उन्हाळ्यात तिसरी. 'शिकागोला गाडी बदलली.' त्या दिवशी मर्लने पान चुलीपर्यंत नेलं. पण दुसऱ्याच्या कागदाला हात लावायचा नाही, म्हणून परत ठेवून दिलं. एवढ्या भीतीतही नियम पाळणाऱ्या या माणसाची मला कीव येते.

ऑक्टोबरात पाकीट पुन्हा आलं. मर्लने ते आपले दोन आठवडे उघडलंच नाही. वॉरनची पाळी लागली त्या दिवशी जेवण झाल्यावर, लख्ख उन्हात, त्याने ते टेबलावर फोडलं.

'तुमच्या गावचं धान्याचं कोठार दिसतंय. चालत येतोय. पाय हळू चालतो.'

स्वयंपाकघराच्या खिडकीतून तेच कोठार दिसत होतं. जेमतेम दोन मैल. मर्लच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने बॅगेत दोन सदरे आणि औषधं कोंबली. मुलगी मार्लिस ॲरिझोनात असते, तिच्याकडे जायचं, आत्ताच्या आत्ता. गाडीची किल्ली घेतली आणि निघण्याआधी, का कुणास ठाऊक, लाईलला फोन लावून चारही ओळी वाचून दाखवल्या.

लाईलने थट्टा केली नाही.

"पाय हळू चालतो, असं लिहिलंय?"

"हो."

"मर्ल, एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला आणायला जे गेले त्यांत मी होतो. तो खड्ड्यात नव्हता रे. तुझ्या पावलांच्या ठशांमागून शंभरेक पावलं सरपटत आला होता. बर्फात नांगर फिरवल्यासारखा चर पडला होता. तू समजून चालला होतास की तो गेलाय. हे सांगून तुला जन्मभर कशाला जाळायचं, म्हणून गप्प बसलो."

मर्लने किल्ली टेबलावर ठेवली. तो खाली बसला.

"मी समजून चाललो नव्हतो, लाईल. तो जिवंत होता. माझ्याशी बोलत होता. मीच त्याला म्हणालो, थांब, आलोच. आणि शेगडीपाशी जाऊन बसलो."

तिकडे लाईल घसा खाकरत होता, की रडत होता, कळत नव्हतं. इतकी वर्षं त्याने ज्याला सांभाळलं होतं तो हा असा निघाला.

"मला शिव्या दे," मर्ल म्हणाला.

"देईन. नंतर देईन." मग लाईलने विचारलं, "पाळी कुणाची चालू आहे?"

"वॉरनची."

"मग घरीच थांब, मर्ल. आज तरी थांब."

मर्लने फोन ठेवला. थोड्या वेळाने त्याने खुर्ची बाहेर ओसरीवर नेली आणि कोठाराकडून येणाऱ्या रस्त्याकडे तोंड करून तो बसला. रस्त्यावर अजून कुणी नव्हतं. मक्याच्या कापलेल्या रानातून काहीतरी जड ओढत आणल्यासारखा आवाज येत होता, थांबत थांबत. भीतीने त्याचे दात वाजत होते. पण तो उठला नाही.