श्वास धरून पाहायचा आरसा

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे, पण भांग पाडायला माझ्याकडे येऊ नका. तळहाताएवढी माझी काच आणि तिच्यावर धातूचे नि कार्बनचे साठ थर. सगळे मिळूनही केसाच्या जाडीपुढे काहीच नाहीत. ताऱ्यांचे क्ष-किरण मला तिरके भेटावेत, यासाठी मी घडलो. त्यांच्या लाटा एका दिशेने डोलत असतील तर मी त्या परत पाठवतो, आडव्या डोलत असतील तर गिळून टाकतो. मला हळूहळू फिरवलं की परतणारे किरण कमीजास्त होतात आणि ताऱ्याच्या लाटांचा कल कळतो.

रोह्याच्या एका लहान कार्यशाळेत १९९४ साली अनिता मला घासायची. ती पेणजवळच्या जोहे गावची, गणपतीच्या मूर्ती घडवणाऱ्या महिपतींची मुलगी. हात फार हलका. तरी दोनदा माझे थर फुगून सुटले आणि दोन्ही वेळा मला खरवडून पुन्हा घासलं. माझ्यासोबतच्या काचा एकेक करून वाया गेल्या, मी शेवटचा उरलो. कार्यशाळेच्या साहेबांनी बजावलं, या खेपेला जमलं नाही तर हे काम बंद. अनिता पुन्हा घासायला बसली.

श्रावणात ती दोन दिवस जोह्याला गेली, मूर्तींचे डोळे आखायला. तिथे काय घडलं ते तिने परत आल्यावर मलाच सांगितलं. डोळा आखण्याआधी ती दरवेळी फुंकर मारत होती, धूळ उडावी म्हणून. महिपती बघत होते.

"तिकडं काचेवर पण अशीच फुंकतेस काय गो?"

अनिताचा कुंचला थांबला. "व्हय बाबा. तोंडाची पट्टी खाली ओढून फुंकते."

नियम होता पट्टी न काढण्याचा. पण थर चढवायला देण्याआधी एक फुंकर मारल्याशिवाय तिला चैन पडत नसे. त्या मायेच्या फुंकरीतली ओल माझ्या थरांखाली अडकत होती.

तिसऱ्या खेपेला तिने पट्टीला दोन गाठी मारल्या आणि श्वास धरून मला पुढे दिलं. थर टिकले. चाचणीच्या क्ष-किरणांसमोर मला फिरवलं तसे परतणारे किरण वाढले, मग मंदावले. साहेबांनी तीनदा मोजून पाहिलं. अनिता बाहेर गेली आणि पोटभर श्वास घेऊन आली.

मग माझ्या पाठची भावंडं तयार झाली. दुर्बिणीसाठी त्यांची निवड झाली आणि मी नमुना म्हणून कपाटात गेलो. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? वर्षं गेली, माझ्या डबीवर धूळ साचली, नव्या लोकांना मी ठाऊकही नव्हतो.

मित्रांनो, नुसत्या मायेने वस्तू जपली जात नाही. तिला काय सोसत नाही, तेही जाणून घ्या. अनिताने ते जाणलं. आजही महिन्यातून एकदा ती डबी उघडते, मला डोळे भरून बघते, तोंड पलीकडे फिरवून श्वास सोडते आणि मगच झाकण लावते.