एका मापाच्या दोघी

थोरलीला लहानपणापासून सगळे काडीच म्हणायचे. शाळेत म्हणायचे, गल्लीत म्हणायचे, आणि आता ज्या छापखान्यात ती कागदाचे गठ्ठे उचलायची तिथेही म्हणायचे. 'वारा सुटलाय, खिडकी लावा, काडी उडेल,' हा विनोद तिने इतक्यांदा ऐकला होता, की सांगणाऱ्याच्या आधी तीच हसून मोकळी व्हायची. डबा ती दोन माणसांचा न्यायची, चाटूनपुसून खायची, आणि दुपार कलते न कलते तोच पुन्हा भुकेने कासावीस व्हायची. 'खाल्लेलं जातं कुठे गं तुझं?' हे विचारायचा हक्क जगात ज्याला त्याला होता.

तेही तिने सोसलं असतं. पण धाकटीच्या दुखण्यावर हिच्याच बारीकपणाचं पांघरूण घातलं गेलं, तेव्हा मात्र तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आई घरीच शिवणकाम करायची. धाकटी एका दुकानात कामाला, मुळात अंगाने भरलेली. ती हळूहळू उतरत थोरलीच्या मापात आली, तेव्हा आईला कोण आनंद झाला! आता दोघींना मिळून एकच माप, कापड दुहेरी घालायचं आणि एका कापणीत दोन ड्रेस काढायचे. गिऱ्हाइकांनाही ती कौतुकाने सांगायची, "माझ्या दोघी एका मापाच्या." धाकटी ताटातलं इकडचं तिकडे फिरवते, 'दुकानात खाल्लंय' म्हणून उठते, घरात स्वेटरवर स्वेटर चढवून बसते, याचं कुणालाच काही वाटलं नाही. वर्ष उलटून गेलं तरी तिला पाळी आली नव्हती. थोरलीला हे कळलं, ते धाकटी कामावर चक्कर येऊन पडली तेव्हा.

नेहमीच्या डॉक्टरांनी तिला काट्यावर उभं केलं, दारातल्या थोरलीकडे एक नजर टाकली आणि निकाल देऊन टाकला. "बहिणीसारखीच आहे की. घराण्याचा बांधा तुमच्या." आईने समाधानाने मान डोलावली.

"घराण्याचा बांधा कुठला?" घरी येताच थोरली कडाडली. "मी खाते, आई. ती खात नाही."

"वजन सारखं, माप सारखं. उभा जन्म मापं घेण्यात गेला माझा. मला शिकवतेस?"

"आत काय चाललंय ते तुझ्या टेपला कळतं का?"

आईने मशीन जोरात सुरू केलं. नको ते बोलणं संपवायची तिची ती रीतच होती.

थोरलीने रजा टाकली आणि आईला नि धाकटीला जवळजवळ ओढतच मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वजन सारखं म्हणताय ना, मग दोघींनाही तपासू. रक्त काढलं, अंगात चरबी किती नि स्नायू किती ते पाहिलं. मग एकेकीला निजवून तोंडावर पारदर्शक टोप ठेवला. नुसतं पडून राहिलं तरी शरीर किती जाळतं, ते म्हणे श्वासावरून कळतं.

"वजन सारखंच आहे," निकाल हातात आल्यावर बाई आईला म्हणाल्या. "बाकी काहीच सारखं नाही. मोठी बारीक आहे, पण हिच्या अंगात हवी तेवढी चरबी आहे. पाळी वेळेवर, भूक चांगली. ही निरोगी आहे. धाकटीचं शरीर उपाशी आहे. चरबी संपत आली, आता स्नायू झिजताहेत. आहे ते जळण पुरावं म्हणून शरीराने चूल मंद केलीय. म्हणून एवढी थंडी वाजते, म्हणून नाडी इतकी हळू. आणि हृदय हाही स्नायूच असतो."

"म्हणजे मी घरात खायला घालत नव्हते?" आईचा आवाज चिरकला.

"तसं नाही. हा आजार आहे. आजच ठेवून घ्यायला हवं, पण तिची तयारी पाहिजे."

धाकटीची कसली तयारी? सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. "ताईला का नाही ठेवत?" ती म्हणाली. "तीपण तेवढीच आहे."

"लप," थोरली म्हणाली. "सगळ्यांनी मला हसून घेतलं, आता तू माझ्याआड लप."

"तुला बोलायला काय जातंय? तुला फुकट मिळालंय. तू पोटभर खातेस आणि तरी तशीच राहतेस. मी रोज..."

थोरलीला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि तिला उराशीही धरावंसं वाटलं. दोन्ही जमलं नाही. ती रडत रडत ओरडली, "हे वजन माझं आहे! मी त्याच्यावर जगते, तू त्याने मरशील. तुझं नाही ते. माझं मला परत दे."

पेशंटला वॉर्डात न्यायला बाहेर थांबलेली नर्स त्या आवाजाने चाकांची खुर्ची ढकलत आत आली. समोर दोन बहिणी होत्या. एक दोन स्वेटरांत गच्च गुंडाळलेली, दुसरी अर्ध्या बाह्यांत, कोपरांची हाडं वर आलेली. नर्सने खुर्ची सरळ थोरलीच्या गुडघ्यापाशी आणून लावली. "या, बसा सावकाश. घाबरू नका."

थोरलीने काहीतरी तोडून टाकणारं बोलायला तोंड उघडलं. आई जमिनीकडे बघत होती. डॉक्टरीणबाईंनी थोरलीला हातानेच थांबवलं.

धाकटीने त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

"ती नाही," ती म्हणाली. "मी."