उन्हात बसा, विहीणबाई

पोहायला शिकवणाऱ्या बाईंना शाळेतली मुलं शिट्टीबाई म्हणत. उघड्या तलावाच्या काठावर उभं राहून त्यांनी पोरांच्या तीन पिढ्या पाण्यात ढकलल्या होत्या. पन्नाशी उलटल्यावर त्यांच्या हृदयाचे ठोके चुकायला लागले. डॉक्टरांनी गोळी दिली आणि ठोके ताळ्यावर आले. पण पुढे चेहरा, कान आणि हातांचे पंजे निळसर राखाडी पडले, ओल्या पाटीसारखे.

"हा त्या गोळीचा प्रताप," दुसऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ती घेणाऱ्याने उन्हापासून जपायचं असतं. कुणी सांगितलं नाही?"

कुणीच सांगितलं नव्हतं. गोळी बंद करण्याजोगी नव्हती. तेव्हापासून टोपी, लांब बाह्या आणि गालांवर मलमाचा थर असं सुरू झालं. रस्त्यात लोक वळून बघायचे, ते त्यांनी सोसलं.

सोसवलं नाही ते एकच. लेकीला मुलगा झाला म्हणून त्या दवाखान्यात गेल्या. बाळ मांडीवर घेऊन जेमतेम बसल्या होत्या, तोच विहीणबाई पुढे झाल्या. विहीणबाईंची गावाबाहेर रोपवाटिका होती. बोलणं मधाळ, पण छाटणी अचूक.

"रागावू नका हं, पण अंगाला लागणारं काही असलं तर? कोवळा जीव आहे." आणि त्यांनी बाळ उचललंसुद्धा.

"अहो, गोळीमुळे झालंय हे!"

"असेल हो. पण खात्री कोण देणार?"

जावयाच्या मामी तोंडाला पदर लावून हसल्या. जावई खिडकीबाहेर बघत राहिला. लेकीने उशीत तोंड घातलं. शिट्टीबाईंनी तो घोट गिळला, पण पचवला नाही.

बाळ चालायला लागलं त्या सुमारास विहीणबाईंना भोवळ आली. त्यांचेही ठोके चुकत होते. लेकीने फोनवर गोळीचं नाव वाचून दाखवलं आणि शिट्टीबाई खुर्चीत ताठ बसल्या. तीच गोळी.

दुसऱ्याच दिवशी त्या विचारपूस करायला गेल्या. विहीणबाई चाचरत म्हणाल्या, "तुमचं ते रंगाचं... याच गोळीनं ना?"

"तेव्हा तसं वाटलं होतं. आता म्हणतात, तलावाच्या पाण्यात औषध टाकतात ना, त्यानं झालं."

"मग मला धोका नाही?"

खरं वाक्य जिभेच्या टोकावर होतं. शिट्टीबाईंना बाळ उचलून नेल्यावर रिकामे राहिलेले स्वतःचे हात आठवले. त्या हसल्या. "छे हो! घरात कोंडून मात्र घेऊ नका. झाडांमध्ये रमा. उन्हात बसा, विहीणबाई."

विहीणबाई बसल्या. शिट्टीबाई अधूनमधून फळं घेऊन जायच्या. निमित्त नातवाचं, नजर विहीणबाईंच्या नाकाच्या शेंड्यावर. पुढच्या उन्हाळ्यात तिथे काजळी धरल्यासारखं दिसलं. मग गाल, मग कपाळ. विहीणबाई लिंबू चोळत होत्या, साय लावत होत्या, आणि शिट्टीबाई "उतरेल हो" म्हणत होत्या आणि त्यांच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

बिंग फुटलं ते डॉक्टरांसमोर. लेक सासूला घेऊन गेली होती, आणि हे गोळीनं आणि उन्हानं झालंय असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. तिथून ती तडक आईकडे आली.

"आई, तू स्वतः टोपीशिवाय गच्चीत जात नाहीस, आणि त्यांना उन्हात बसवलंस?"

"बसवलं."

"का?"

"तू उशीत तोंड घातलं होतंस, म्हणून तुला दिसलं नसेल."

लेक पांढरीफटक पडली. "बाळाला मी इथे आणणार नाही," एवढंच म्हणून ती निघून गेली.

चार दिवसांनी विहीणबाई स्वतः आल्या. चेहऱ्याभोवती ओढणी घट्ट गुंडाळलेली.

"झालं मनासारखं?"

"झालं."

विहीणबाई न सांगताच खुर्चीत बसल्या. "काल एक गिऱ्हाईक विचारत होतं, तुमच्याकडची रोपं घरात ठेवली तर चालतील ना, काही लागणार तर नाही?"

"मग काय म्हणालात?"

"काय म्हणणार? म्हटलं, गोळीमुळे झालंय हे. रोपं न घेताच गेलं."

"मीही तेव्हा तुम्हाला तेच म्हटलं होतं."

मग विहीणबाई उठल्या. "मी तेव्हा वाईट वागले. पण तुम्ही जाणूनबुजून केलंत. मी माफ करणार नाही."

"मी मागितलीही नाही."

दार लावून शिट्टीबाई आत आल्या. आता पस्तावा होईल म्हणून त्यांनी वाट पाहिली. तो काही झाला नाही. विहीणबाईंचा काळवंडलेला चेहरा आठवला की अजूनही त्यांना गार वाटायचं. लेकीचा फोन मात्र येईना. शेवटी त्यांनीच लावला. पलीकडे नातवाचं बोबडं बोलणं ऐकू आलं, आणि लगेच कुणीतरी फोन ठेवला.